भावोजींचं नवं पद

मुख्यालयातली मंडळी उंटावरून शेळ्या हाकणारी. त्यांनी फर्मान काढलं: देशोदेशीच्या कारखान्यांत यापुढे पदांची नावं एकसारखी. जे पद जुळणार नाही ते रद्द. इथली जुळवाजुळव मनुष्यबळ विभागातल्या धाकटीकडे आली. घरात ती शेंडेफळ, म्हणून कारखान्यातही धाकटीच.

अडलं एकाच पदापाशी. यंत्रावर अधू झालेल्याला हाकलायचं नाही, हत्यारांच्या खोलीत बसवायचं, अशी इथली रीत. सध्या तिथे तिचे भावोजी, ताईचे यजमान, बसत. उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. मुख्यालयाला असलं पद ठाऊकच नव्हतं. भावोजींची नोकरी गेली की ताईचं घर उघड्यावर.

धाकटीने शक्कल लढवली आणि कागदोपत्री भावोजींना प्रेस ऑपरेटर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावरचा कामगार, करून टाकलं. मग स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ताईकडे जेवायला गेली.

"नावापुरतं आहे हं, भावोजी. बसायचं तिथंच बसा."

"पण कुणाला कळलं तर तुझं काय?"

"माझीही नोकरी जाईल. बसू दोघं पत्ते खेळत!" ती हसली. भावोजी हसले नाहीत.

शहाणीला एवढं सुचू नये? पूर्वी कुणी कुठे उभं राहायचं ते मुकादम ठरवायचा, आणि मुकादम माणसं ओळखायचा. आता पाळ्या संगणक लावत होता, पदाचं नाव बघून. धाकटी प्रशिक्षणाला बाहेरगावी असताना भावोजींची पाळी प्रेसवर लागली. हातमोजे घातलेले, नव्या सुपरवायझरला काय दिसणार? "जमेल ना?" त्याने विचारलं. नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग हे पद दिलं कुणी?

"जमेल," भावोजी म्हणाले.

धाकटी इस्पितळात पोचली तेव्हा डावा हात कोपरापर्यंत गेला होता. ताई बाहेर बाकावर बसून येईल त्याला सांगत होती, "धाकटीनं एवढी खटपट करून नोकरी टिकवली, आणि आमचं नशीब बघा." धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावोजींनी तिला जवळ बोलावलं. "चौकशीवाले येऊन गेले. प्रेस मीच हट्टानं मागून घेतली, पद मीच खोटं सांगून लावून घेतलं, असं सांगितलंय. तूही तेच सांग."

कामगाराच्या स्वतःच्या खोटेपणाने झालेल्या अपघाताला कंपनी भरपाई देत नाही. हा नियम भावोजींना माहीत नव्हता. धाकटीला तोंडपाठ होता.

दुपारी तिला चौकशीला बोलावलं. तिने तेच सांगितलं.