‘नेटशिवाय चालते’ नावाची चिठ्ठी

मित्रांनो, मी सहा-सात वर्षांची एक जुनी चिठ्ठी आहे. एवढं वय तुम्हाला काही फार वाटणार नाही. पण संगणकाच्या जगात तेवढ्यात दोन पिढ्या होऊन जातात. मला डिंक लागत नाही, की मी पावसात भिजत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमांची एक मोठी यादी आहे, सगळ्यांची मिळून. कुणीही आपला प्रोग्रॅम तिच्यात ठेवावा, कुणीही फुकट घ्यावा. किराणा दुकानात डब्यांवर ‘तूरडाळ’, ‘पोहे’ अशी नावं चिकटवतात ना, तशा त्या यादीत प्रोग्रॅमांवर चिठ्ठ्या असतात. त्यांना टॅग म्हणतात. माझ्यावर लिहिलं आहे, ‘नेटशिवाय चालते’.

मला जन्माला घातलं दिलदारभाईंनी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पंचगंगेला मोठा पूर आला त्या वर्षी ते एका शाळेत, पुरातून आलेल्या माणसांची नावं लिहून घेत बसले होते. नेट बंद पडलं आणि त्यांचा प्रोग्रॅम उघडेचना. शेवटी खडू घेऊन त्यांनी फळ्यावर नावं लिहिली. पाणी ओसरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मला लिहिण्याचं.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची. मी ज्या प्रोग्रॅमवर बसे, तो लोक आधी उचलत. मग जो तो मला आपल्या प्रोग्रॅमवर लावू लागला. मला लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बघता बघता मी चौऱ्याऐंशी ठिकाणी जाऊन बसले. खरं सांगते, त्या आकड्यानं मी फुगले होते. आपण जिथं बसलो आहोत तिथं आपले शब्द खरे आहेत का, हे मी कधी पाहिलं नाही.

त्या चौऱ्याऐंशींत ‘बाळनोंद’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. हातकणंगल्याच्या अनेकांत नावाच्या तरुणानं तो बनवला होता. त्यानं लबाडी केली नव्हती बरं. त्यानं नेटची वायर काढली, प्रोग्रॅम चालला, आणि खुशीनं मला लावलं.

मलकापूरच्या वरच्या वाड्यांवर मदिना नावाची नर्सबाई बाळांना लस द्यायला जाते. तिथं रेंज नाही. पावसात तिची वही दोनदा भिजली, म्हणून तिनं मला पाहूनच ‘बाळनोंद’ घेतला आणि सगळ्या बाळांची नावं त्यात भरली. लसीच्या दिवशी लसींचा बर्फाचा डबा आणि छोटा संगणक घेऊन ती डोंगर चढली. वाडीतल्या म्हाताऱ्या धोंडुबाईंच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, बायका लेकरं घेऊन जमल्या होत्या. मदिनानं संगणक उघडला. पडद्यावर एकच ओळ आली, ‘नेट जोडा’. आणि त्या ओळीच्या वरच मी बसले होते, ‘नेटशिवाय चालते’ म्हणत!

ज्यांच्याकडं कार्डं होती त्यांचं भागलं. लांबच्या वाड्यांवरच्या पाच बायका कार्डं घरी ठेवून आल्या होत्या. कुठली लस झाली, कुठली राहिली, कळेना. त्यांना तसंच परत पाठवावं लागलं. त्यांच्या लेकरांत धोंडुबाईंची पणती, त्यांच्या नातीची लेकही होती.

“तुज्या यंत्रापरीस माजी आठवण बरी की गं,” धोंडुबाई म्हणाल्या. मला त्या दिवशी तोंड लपवायलाही जागा नव्हती.

ही यादी राखणारी माणसं दर रविवारी फोनवर एकत्र बोलतात. त्या रविवारी मदिनाही बोलायला आली. रेंजसाठी ती मलकापुरात गच्चीवर उभी होती. तिचं ऐकून दिलदारभाई म्हणाले, “मीच लिवली, मीच पुसतो. खोटं बोलणारी चिठ्ठी कशाला ठेवायची?”

“ओ दिलदारभाई, वायर काढून बघितलंय की मी!” अनेकांत उसळला.

मदिनानं विचारलं, “किती येळ काढलीस रं?”

“दहा मिनिटं.”

“आमची वाडी जन्मापास्नं बिनवायरीची हाय, दादा.”

सगळे हसले, अनेकांत सोडून. त्याचा प्रोग्रॅम सकाळची माहिती जवळ ठेवून दिवस काढत होता. संगणक बंद करून पुन्हा लावला की नेट मागत होता. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“चिठ्ठी पुसू नगासा,” मदिना म्हणाली. “ती हाय म्हनून आमच्यासारखी मानसं शोधत्यात तरी. खोटी लागलीया तिथली काढा. आनी संशय आला तर आमच्याकडं पाठवा. रेंज नसायची आमच्यात काय कमी न्हाय.”

दिलदारभाई म्हणाले, “दिवाळीपतूर बघू. न्हाय सुधारली तर पुसणार.”

नियम ठरला. दोन दिवस नेट तोडायचं, संगणक तीनदा बंद करून लावायचा. तरी प्रोग्रॅम चालला तरच मला लावायचं, आणि शेजारी लिहायचं, कुणी पाहिलं, कुठं पाहिलं. माणसांनी काम वाटून घेतलं. एकेका ठिकाणाहून मला काढलं जाऊ लागलं. सत्तर ठिकाणं उरली, मग चाळीस उरली. आधी जीव तुटायचा. नंतर मात्र अंगावरचं ओझं उतरत गेल्यासारखं वाटू लागलं. ‘बाळनोंद’वरून मला मदिनानं स्वतः काढलं. त्यानंतर दोन रविवार अनेकांत फोनवर आलाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो मोटारसायकलवरून थेट वाडीत हजर झाला, प्रोग्रॅम नव्यानं बांधून. धोंडुबाईंच्या सोप्यात तो दोन दिवस बसला.

“पावणं, यंत्र राहू द्या, तुमी भाकरी खावा,” धोंडुबाई म्हणाल्या. “नेटबिगर चालंल त्ये, भाकरीबिगर तुमी न्हाय चालायचा.”

दुसऱ्या दिवशी मदिनानं तिसऱ्यांदा संगणक लावला आणि धोंडुबाईंच्या पणतीचं नाव शोधलं. नाव आलं. झालेल्या लसी आल्या, राहिलेल्याही आल्या. पुढच्या लसीच्या दिवशी त्या पाचही लेकरांना, महिनाभर उशिरा का होईना, लस मिळाली. टोचल्यावर पणतीनं असा काही गळा काढला, की धोंडुबाई म्हणाल्या, “हिला बी रेंज लागत न्हाय बगा, खालच्या गावापतूर ऐकू जातंय!”

दिवाळी आली. दिलदारभाईंनी मला पुसलं नाही. आज मी फक्त एकोणीस ठिकाणी आहे, आणि चौऱ्याऐंशी ठिकाणी होते तेव्हापेक्षा माझी मान ताठ आहे. ‘बाळनोंद’वर माझ्याशेजारी लिहिलं आहे, ‘पाहिले : मदिना. ठिकाण : धोंडुबाईंचा सोपा. दोन दिवस, तीन वेळा.’ परवा नागपूरहून कुणीतरी खाली विचारलं, ही प्रयोगशाळा नक्की कुठं आहे? अनेकांतनं उत्तर दिलं, “मलकापूरच्या वर. जेवण मिळतं.”

मित्रांनो, चिठ्ठी लावायला बोटाची एक टिचकी पुरते. पण तिच्या भरवशावर कुणीतरी डोंगर चढणार असतं. म्हणून मला लावण्याआधी दोन दिवस थांबा, स्वतः बघा, आणि शेजारी आपलं नाव लिहा.