भाचीच्या लग्नाची निळी फुलं

लग्न ठरलं की घरात कशाकशावरून वाद होतात, हे तुम्हाला-आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. या घरात पाहुण्यांच्या यादीवरून झाला नाही, जेवणावरूनही झाला नाही. झाला तो फुलांच्या रंगावरून.

लग्न ठरलेल्या लेकीने मोबाईलवर दुसऱ्या कुठल्याशा लग्नाचा फोटो उघडून सगळ्यांच्या नाकासमोर धरला. हॉलच्या दारापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत फिकट निळी फुलं.

"मला हाच निळा हवा. आकाशी नको, जांभळट नको. हाच!"

"अगं, भर उन्हाळ्यात निळी फुलं आणायची कुठून?" वडील म्हणाले. "पिवळी घ्या, लाल घ्या. फुलं ती फुलं."

"बाबा, तुम्हाला एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घातलेला कळत नाही. तुम्ही बोलूच नका!"

मग दोघांनीही आईकडे पाहिलं. रंगाच्या बाबतीत या घरात तिचा शब्द शेवटचा. भिंतींचे रंग विकणाऱ्या दुकानात ती बावीस वर्षं रंग कालवत होती. गिऱ्हाइकाने जुन्या भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून दिला, तरी त्याला तंतोतंत जुळणारा डबा ती कालवून देई. दुकानात मशीन आलं, पण मालक मशीनने केलेला रंगही आधी तिच्याच डोळ्यांखालून घाली. माहेरी ती थोरली. आपणही तिला थोरलीच म्हणू.

थोरलीने फोटो खिडकीपाशी नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मिळेल. मावशीला सांगते."

मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. शहरापासून तासाभरावर एका मोठ्या पॉलीहाऊसमध्ये ती कामाला होती. प्लास्टिकच्या छताखाली गारवा खेळवून, थंडीत उमलणारी पांढरी फुलं तिथे भर उन्हाळ्यात उमलवत. मग ती खुडून त्यांचे देठ रंगीत पाण्यात उभे करायचे. फूल पाणी ओढी आणि दुसऱ्या दिवशी हवा तो रंग घेऊन उठे. "आम्ही फुलांना रंग पाजतो," धाकटी हसत सांगे. हसता हसता तिला खोकला लागे. तिच्या बोटांचा रंग कधी जात नसे. "मावशी, तू जन्मभर शाईच्या दौतीत बोट बुडवून बसलीस की काय?" असं भाची चिडवी, आणि धाकटी तीच बोटं तिच्या गालाला पुसायचं नाटक करी.

तो खोकला थोरलीने वर्षभर ऐकला होता. 'धूळ असेल,' असं म्हणून सोडून दिला होता. घरचं माणूस खोकलं की आपण पाण्याचा पेला पुढे करतो. कशाने खोकतंय हे किती जण विचारतो?

लग्न रविवारी. बुधवारी सकाळी नमुन्याची फुलं आली. लेक खूश झाली. थोरलीने मात्र एक फूल फोटोशेजारी धरलं आणि मान हलवली. लगेच बहिणीला फोन लावला.

"एक छटा गडद आहे गं."

"ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना! थोडा फिकट कर."

"पाजलेला रंग फुलातून परत काढता येत नाही. नवी फुलं खुडावी लागतील. आणि ती उमलतात त्या छताखालच्या शेडमध्ये आज सकाळीच किडीचं औषध मारलंय. दोन दिवस आत जायचं नसतं, तसा बोर्ड आहे दारावर."

"दोन दिवसांनी शुक्रवार! मग रंग पाजणार कधी आणि सजवणार कधी?"

"बघते," धाकटी म्हणाली. तिच्या 'बघते'मध्ये नकार होता, पण थोरल्या बहिणीला नाही म्हणायची तिला लहानपणापासून सवय नव्हती.

थोरली एवढ्यावर थांबली असती तर! पण तिने फोन ठेवला आणि पॉलीहाऊसच्या सुपरवायझरचा नंबर शोधून त्यालाच गाठलं. आपण कोण, आपली बहीण तिथे काम करते, यातलं काहीच तिने सांगितलं नाही; ओळखीमुळे तो ढिलाई करील असं तिला वाटलं. "रविवारच्या निळ्या फुलांचा रंग जुळला नाही तर ऑर्डर रद्द. आणि का रद्द केली ते मी चार ठिकाणी सांगेन," ती ठणकावून म्हणाली.

"मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा," सुपरवायझर म्हणाला. "उद्याच्या उद्या खुडून घेतो."

गुरुवारी दुपारी ती दुकानात बदामी रंग कालवत असताना फोन आला. आवाज अनोळखी होता. "मी पॉलीहाऊसशेजारचा माळी बोलतोय. तुमच्या बहिणीला इस्पितळात आणलंय. लगेच या."

डबा तसाच उघडा टाकून ती धावली.

वॉर्डात धाकटी खाटेवर होती. अंग घामाने निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. नर्स प्राणवायू मोजायचा चिमटा तिच्या एका बोटावरून काढून दुसऱ्या बोटाला लावून पाहत होती. "नखांना रंग आहे, यंत्र नीट आकडाच दाखवत नाहीये," ती वैतागून म्हणाली. "नखं प्राणवायूविना निळी पडलीत की मुळातच निळी आहेत, काही कळत नाही!"

थोरलीला कळलं. तिला नाही तर कुणाला कळणार? नखांवरचा निळा पाजायच्या रंगाचा होता, अगदी फोटोतला, तिने हट्टाने मागितलेला. ओठांवरचा निळा त्या रंगाचा नव्हता.

"ओठ बघा!" ती ओरडली. "ओठ निळे पडलेत तिचे! तो रंग नाहीये!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पडदा ओढला गेला. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. "फवारणीच्या औषधाची विषबाधा आहे. उतारा दिलाय, पण फुप्फुसांना मार बसलाय. या महिन्यात त्या शेडमधून आलेल्या या तिसऱ्या. पहिल्या दोघींतली एक घरी गेली."

"आणि दुसरी?"

"ती वाचली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाहेरच्या बाकावर एक माणूस कागद घेऊन बसला होता. थोरलीला पाहून उठला. "तुम्ही पेशंटच्या नातेवाईक ना? मी पॉलीहाऊसचा सुपरवायझर. इथे एक सही करा. बाई आपल्या मर्जीने आत गेल्या, एवढंच लिहिलंय. बोर्ड आम्ही लावलेला आहेच."

"मर्जीने? दोन दिवस आत जायचं नाही हे तिनेच मला सांगितलं होतं!"

"मग काय करणार सांगा? एक गिऱ्हाईक हात धुऊन मागे लागलं होतं. रंग म्हणे एक छटा गडद! मी विचारलं, कोण जातंय? बाकीच्या मागे सरल्या. या म्हणाल्या, माझ्या भाचीच्या लग्नाचं काम आहे, मी जाते."

 थोरली त्याच्यासमोर सरळ उभी राहिली.

"ते गिऱ्हाईक मीच," ती म्हणाली. "मीच फोन केला होता तुम्हाला."

सुपरवायझरने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, अगदी भलेपणाने म्हणाला, "असं होय! मग मॅडम, फुलं खुडून रंगात उभी केलीत. उद्यापर्यंत रंग अगदी मनासारखा येईल. पाठवू ना?"

तिने त्याच्या हातातला कागद घेतला आणि टराटरा फाडला! "पाठवू नका! एकही फूल माझ्या दारात आणू नका!"

तो निघून गेला. ती फुलं वाया गेली नाहीत, हेही सांगायला हवं. त्याच रविवारी ती दुसऱ्या एका हॉलमध्ये सजली, आणि पाहुण्यांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

जिन्याच्या पायरीवर माळीकाका बसले होते. धाकटीला आपल्या टेम्पोत फुलांच्या बादल्यांमध्ये आडवी करून त्यांनीच आणलं होतं. थोरली त्यांच्याशेजारी बसली आणि रडू लागली. "काका, मी माझ्या बहिणीला मारलं."

"तुम्ही एकट्यांनी नाही," काका म्हणाले. त्यांनी तिची समजूत घातली नाही की तिला दोषातून सोडवलंही नाही. "औषध मारणारा त्यात आहे, आत पाठवणारा आहे. पण मागणारं कुणी नसतं, तर पाठवणाऱ्याने कुणाला पाठवलं असतं? मी सहा वर्षं त्या शेडमध्ये होतो. माझ्याही हाताला कंप आहे, बघा."

"मग लग्नात माणसाने फुलंच लावू नयेत का?"

"मी फुलं विकूनच पोट भरतो, मी कशाला असं म्हणेन? लावा की! पण आपण करतो काय, आधी रंग ठरवतो आणि मग फुलाच्या मानगुटीवर बसतो. फुलाला ऋतू असतो. आपल्या हट्टाला नसतो. अवेळी उमलवलेलं फूल नाजूक. त्याला कीड लवकर लागते, मग औषध जास्त, मग ते बंद छताखाली कोंडतं, आणि ते श्वासात घेणारी बाई आपल्याला दिसत नाही. आत्ता आपल्या मातीत काय उमललंय ते आधी बघा, आणि त्यातून रंग निवडा. तुमची बहीण सांगते, तुम्ही तर रंगातल्या जाणकार ना?"

"आणि तुम्ही औषध मारत नाही?"

"मारतो. खोटं कशाला बोलू? पण ऋतूतल्या फुलाला कमी लागतं, शेत उघडं आहे, आणि मारलं की मी आत जात नाही, दुसऱ्यालाही पाठवत नाही."

त्या संध्याकाळी थोरलीने लेकीला सगळं सांगितलं. सुपरवायझरला केलेला फोनसुद्धा लपवला नाही. लेकीने मोबाईलवरचा तो फोटो पुसून टाकला. मग म्हणाली, "लग्न पुढे ढकलू या."

"मावशीचा जीव लागलाय त्यात. तिला काय सांगशील?" वडील म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मायलेकी काकांच्या शेतावर गेल्या. निळं तिथे काहीच नव्हतं. झिनिया होती, विटकरीपासून फिक्या पीच रंगापर्यंत. गलांडा लाल-पिवळा पेटला होता. गर्द किरमिजी तुऱ्यांची कोंबड्याची फुलं होती, सूर्यफुलं होती, निशिगंधाच्या पांढऱ्या छड्या होत्या. लेकीने गलांड्याकडे हात नेला तेव्हा थोरली सवयीने म्हणाली, "तो नको. एवढा लाल-पिवळा लावलास तर सर्कशीचा तंबू होईल." आणि आपण हसतोय हे लक्षात येताच तिने पदराने तोंड दाबलं.

मग हॉलमध्ये तिने शांतपणे रंग लावले. दारापाशी विटकरी झिनिया, आत येता येता पीच, आणि नवरी उभी राहणार तिथे नुसता निशिगंध. भिंतीवर संध्याकाळचं ऊन उतरत जावं तसा रंग उतरत गेला. बावीस वर्षांत तिने याहून चांगलं काम केलं नव्हतं, आणि त्याचा तिला काडीइतका आनंद झाला नाही.

शनिवारी धाकटीने डोळे उघडले. तोंडावरचा मास्क तिने थरथरत्या बोटांनी जरा उचलला. थोरली खाली वाकली.

"ताई," ती पुटपुटली, "या खेपेला जुळला का गं रंग?"

 थोरली ती निळी बोटं हातात घेऊन नुसती बसून राहिली.

लग्न झालं. लग्नाच्या कपड्यांतच लेक इस्पितळात गेली, हातात निशिगंधाचा गुच्छ घेऊन. नर्सने दारातच अडवलं. "फुलं आत नाहीत. त्यांना आता वाससुद्धा सोसत नाही." लेकीने गुच्छ बाहेरच्या बाकावर ठेवला आणि काचेतून मावशीला हात केला.

धाकटी एकोणीस दिवसांनी थोरलीच्या घरी राहायला आली. वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. दोन जिने चढली की तिला बसावं लागतं. सुईत दोरा ओवता येत नाही. पुन्हा कामावर जायचा प्रश्नच उरला नाही.

थोरलीने डॉक्टरीणबाईंचा अहवाल घेऊन कामगार कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. तक्रारीत तिने आपण सुपरवायझरला केलेला फोनही लिहून दिला. अधिकाऱ्याने चष्मा वर केला. "बाई, हे लिहिलंत तर दोष तुमच्यावरही येईल."

"यायलाच हवा," ती म्हणाली.

पॉलीहाऊसची तपासणी झाली. दारावर पहिल्यापेक्षा मोठा बोर्ड लागला. तिथल्या सहा बायका साक्ष द्यायला तयार झाल्या होत्या, आयत्या वेळी दोघीच आल्या. प्रकरण अजून चालू आहे. त्या दोघी आणि थोरली दर तारखेला हजर असतात. धाकटी येऊ शकत नाही.

आता ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की लोक रंगाचा सल्ला विचारायला थोरलीकडे येतात. ती त्यांना आधी घरात नेते, बहिणीशेजारी बसवते आणि जे घडलं ते सगळं सांगते. काही जण ऐकतात; काही जण चहा संपवून उठतात आणि आपली ऑर्डर आपल्या मनासारखी देतात.

वाचकहो, आपल्या घरीही उद्या लग्न असेल. फुलं जरूर आणा, रंग हौसेने निवडा. पण निवडण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे फूल आज, आपल्या मातीत, आपणहून उमलतंय का? आणि ते खुडणारी बाई संध्याकाळी धडधाकट घरी जाते का? उत्तर 'नाही' असेल, तर तो रंग सोडून द्या. आपल्या सोहळ्याचा एक दिवस शोभून दिसावा म्हणून दुसऱ्याच्या आयुष्याचा श्वास मागण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही!