हऱ्या-चांद्याचे हातमोजे

सत्तावन्न साली मी नशिराबाद-भुसावळ रस्त्यापासून तीन मैल आत असलेल्या एका गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे पुस्तकातले धडे वाचून दाखवत होतो. स्वतः इंग्रजीत चार वाक्यं बोलायची वेळ आली असती तर मी घराबाहेर पडलो नसतो.

मुंबईच्या एका वर्तमानपत्रात परदेशी शाळांचे पत्ते छापून आले होते. ज्या शाळांना इकडच्या मुलांशी पत्रमैत्री करायची होती, त्यांची ती यादी होती. मी त्यातला सर्वांत लहान गावाचा पत्ता निवडला. मोठ्या शहरातली मुलं आमच्या मुलांच्या इंग्रजीला हसतील अशी मला भीती वाटली. गाव होतं एस्टोनियातलं. शाळेच्या जुन्या नकाशात एस्टोनिया वेगळ्या रंगाचा देश होता. पाकीट आलं त्यावर तिकीट मात्र सोव्हिएत रशियाचं होतं. वर्गातल्या भटूनं यावर प्रश्न विचारला, तेव्हा मी पुढचा धडा उघडला.

वर्गात बावीस मुलं, बावीस पत्रं गेली. तिकडूनही बावीस पत्रं आली. त्यांच्या शाळेचं वर्ष एक सप्टेंबरला सुरू होतं आणि त्या दिवशी प्रत्येक मूल बाईंसाठी फुलं घेऊन जातं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी मुलं तोंडाला काजळी फासून, उलटे कोट घालून घरोघरी जातात, गाणी म्हणतात, कोडी घालतात, घरात धान्याचे दाणे उधळतात आणि खाऊ घेऊन येतात. हे वाचल्यावर वर्गातल्या चारही मुली एकदम बोलायला लागल्या, कारण भुलाबाईच्या महिन्यात त्याही घरोघरी गाणी म्हणत जात आणि झाकून ठेवलेला खाऊ ओळखत. त्यांनी ते लिहून पाठवलं. तिकडून त्यांच्या भाषेतले एक-दोन-तीन आले, उक्स, काक्स, कोल्म. आठवड्याभरात मैदानावर कबड्डीत बाद झालेले गडी त्याच आकड्यांत मोजले जाऊ लागले.

यशोदा नारखेडेची मैत्रीण मारेत. दोघी चौदा वर्षांच्या. यशोदा वर्गात फारशी बोलत नसे, पण मारेतला ती चार-चार पानं लिही, आणि मी तांबड्या पेन्सिलीनं ती दुरुस्त करी. ऑगस्टमध्ये मारेतकडून पुडकं आलं. त्यात लोकरीचे हातमोजे होते. बोटं वेगळी नाहीत, फक्त अंगठा वेगळा. पांढऱ्या लोकरीवर तांबडी नक्षी, आठ टोकांच्या चांदण्यांची. मारेतनं लिहिलं होतं, "मी आणि आजीनं मिळून विणले. डावा माझा आहे, त्यात चुका आहेत. ते घालून काढलेला तुझा फोटो पाठव. आजीला बघायचा आहे."

यशोदेनं ते वर्गात घातले. दोन मिनिटांत तळहात घामानं ओले झाले. "काढ व माय, वाफ निघू राह्यली," भटू म्हणाला. तिनं काढले, घडी घातली आणि घरी नेऊन ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले.

फोटोची व्यवस्था मी केली. नशिराबादचे रमजानभाई पोळ्याच्या दिवशी कॅमेरा घेऊन येणार होते. सकाळी शाळेत यशोदेचा फोटो, दुपारी वेशीत बैलांचा. तिकडच्या मुलांना आमचा पोळा दिसावा हा हेतू.

सकाळी यशोदा आली ती रिकाम्या हातांनी. ट्रंकेत हातमोजे नव्हते. आईला विचारलं, भावाला विचारलं, कुणी हात लावला नव्हता. आजोबा पहाटेच बैल धुवायला नदीवर गेले होते. फोटो राहिला. दुपारी गावातले सगळे बैल वेशीजवळ तोरणाखाली उभे राहिले आणि आम्हाला हातमोजे दिसले. यशोदेच्या आजोबांचे, झुलाल आबांचे, दोन बैल, हऱ्या आणि चांद्या, अगदी पुढे होते. शिंगांना ताजं वारनीस, कपाळाला बाशिंग, आणि दोघांच्या उजव्या शिंगावर एकेक हातमोजा. अंगठे बाहेर आलेले. रमजानभाईंनी तोच फोटो काढला, कारण सगळं गाव तिकडेच बघत होतं.

तेवढ्यात तोरण तुटलं. पोळा फुटला. बैल पळाले, आणि चांद्याच्या शिंगावरचा हातमोजा दहा-बारा जोड्यांच्या पायांखाली गेला. यशोदेनं तो उचलला तेव्हा त्याचा अंगठा गेला होता आणि चांदण्या चिखलात कुठल्या कुठे. दुसऱ्याची लोकर वारनिसानं शिंगाला चिकटून बसली होती.

"आबा, हे काय केलं तुम्ही?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

झुलाल आबांना कळेचना. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, आमच्या घरात जे चांगलं येते ते पोळ्याले पहिले बैलाच्या अंगावर चढते. माह्या लग्नातला शेला बी चढला व्हता. ह्या पोरीनं इतकी नक्षी ट्रंकेत कोंडून ठेवली. इथं ते हाताले घालीन कोन?"

"पण आबा, मारेतच्या आजीनं ते यशोदेसाठी विणले होते," मी म्हणालो.

"मग? बैल काय परके हायेत?"

मी तोंड पाडून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात रमजानभाईंनी बैलांचा फोटो धुऊन आणून दिला. मारेतच्या पत्राचं उत्तर द्यायचं होतं. मी रात्रभर विचार केला आणि एक मजकूर तयार केला. हातमोजे फार सुंदर आहेत, मी ते जपून ठेवले आहेत, फोटो काढणारा आजारी पडल्यामुळे फोटो नंतर पाठवीन. इंग्रजी बिनचूक होतं. मला खरोखर वाटत होतं की मी तिची मैत्री वाचवतोय. एका म्हाताऱ्या बाईनं दूरच्या मुलीसाठी विणलेली वस्तू बैलाच्या शिंगावर गेली हे कळल्यावर त्या घरातून पुन्हा पत्र येईल असं मला वाटेना.

यशोदेनं ते उतरून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं माझ्या टेबलावर वेगळाच कागद ठेवला. सोबत बैलांचा फोटो. पत्रात लिहिलं होतं की हातमोजे तिच्या आजोबांनी बैलांना घातले, एक फाटला, एक वारनिसानं खराब झाला, ते तिनं धुऊन ठेवले आहेत पण आता ते कुणाच्याच हाताला येणार नाहीत. "मी आधी खोटं पत्र लिहिलं होतं. सर म्हणाले म्हणून. तू आता मला लिहिणार नसशील तर एकदा तसं लिहून कळव."

मी ते दोनदा वाचलं. तांबडी पेन्सिल हातात होती.

"ही सरांची ओळ ठेवायची का?" मी विचारलं.

"खरं हाये ना, सर."

"खरं आहे."

मी 'शिंगं' या शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि पत्र पाकिटात घातलं.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात पाकीट यायला हवं होतं, ते आलं नाही. सगळ्यांची पत्रं एकाच पाकिटात येत, त्यामुळे एकाचं बंद म्हणजे बावीस जणांचं बंद. मुलांनी आधी पोस्टमनला दोष दिला, मग यशोदेला.

"तुह्या बैलालेच लिहाले लाव आता," भटू म्हणाला. "त्यानं घातले, त्यानं आभार मानाव."

"तुले काय कराचं?" यशोदा म्हणाली.

"माह्या दोस्तानं मले गाड्यांची चित्रं पाठवतो म्हनलं व्हतं. तुह्यापायी अडकली."

त्यानंतर ती मधल्या सुट्टीत मैदानावर जाईनाशी झाली. वर्गातच बसून राही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं मला विचारलं, "सर, तुमचं पत्र पाठवलं असतं तर आलं असतं का उत्तर?"

मी म्हणालो, "कदाचित आलं असतं." खोटं बोलायचं नाही असं तिच्याकडूनच शिकलो होतो, पण ते वाक्य बोलल्याचा मला अजून पश्चात्ताप होतो. तिनं मान हलवली आणि वही उघडली. मी तिला दुसरं पत्र लिहायला सुचवलं. ती म्हणाली, "मी इचारलं हाये तिले. आता तिची पाळी."

जानेवारीत पाकीट आलं. मी ते वर्गात फोडलं. आधी त्यांच्या बाईंचं पत्र होतं. शरद ऋतूत शाळेची सगळी मुलं बटाटे काढायला शेतावर जातात, मग बाई आजारी होत्या, म्हणून उशीर. हे ऐकून मुलांमध्ये खसखस पिकली. कापूस वेचणीला अर्धा वर्ग गैरहजर असतो म्हणून मी त्यांना दर वर्षी रागावत असे.

यशोदेनं आपलं पत्र घेतलं आणि ते दप्तरात ठेवलं.

"वाच की," भटू म्हणाला.

"घरी वाचीन."

"आम्ही तीन महिने थांबलो, अन् तू घरी वाचशीन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. "तुम्ही वाचा, सर. मनात वाचा पहिले."

मी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, मराठी करत करत.

मारेतनं लिहिलं होतं की फोटो बघून ती रडली, कारण डावा हातमोजा विणायला तिला सहा आठवडे लागले होते. दोन दिवस तिनं आजीला फोटो दाखवलाच नाही. तिसऱ्या दिवशी आजीच्या हाती लागला. आजीनं चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, या लोकांना हे कुणी सांगितलं? आजीच्या लहानपणी नवी नवरी सासरी येताना पेटीभर हातमोजे आणि विणलेले पट्टे घेऊन यायची. ते सासरच्या माणसांना द्यायचे, विहिरीवर ठेवायचे, आणि गोठ्यात जाऊन गाईच्या शिंगांना बांधायचे, म्हणजे गुरं नवरीला आपली मानतात. आजीनं स्वतः बांधले होते. आता तसं कुणी करत नाही आणि मारेतला हे ठाऊकही नव्हतं. "आजी म्हणते तुझे आजोबा रीत जाणणारे आहेत. बैलांची नावं काय, वय काय ते तिनं विचारलंय. आणि दोघांच्या शिंगांची मापं पाठवायची. ती नवे विणणार आहे. या वेळी अंगठा लागणार नाही ना, असंही विचारते." शेवटी एक ओळ होती, "तुझ्या सरांबद्दलचं वाक्य आमच्या बाईंनी वर्गात वाचलं नाही. मी तुला लिहिणार आहे."

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. वाचायला नको होती, पण वाचली.

वर्ग हसला. यशोदा हसली नाही. तिनं पत्र परत घेतलं आणि ती एकटीच पुन्हा वाचू लागली, ओठ हलवत.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. अंगणात झुलाल आबा चांद्याची वेसण धरून उभे होते. यशोदा सुतळीनं शिंग मोजत होती. भटू पाटीवर आकडे लिहीत होता. तो तिथं कसा पोचला कोण जाणे.

"बुडाशी वेगळं, मधात वेगळं, टोकाशी वेगळं," आबा सांगत होते. "तिन्ही लिही. नही तं त्या बाईचं ढिलं होईन." मग मला म्हणाले, "मास्तर, त्यांच्याकडं गाईले बांधे ना? शहाणी मानसं हायेत. तुम्ही त्या दिशी उगाच तोंड पाडलं व्हतं."

"चुकलं माझं, आबा."

"चुकते मानूस. बसा."

मी बाजेवर बसून इंचांचे सेंटिमीटर करून दिले. यशोदा पत्र लिहायला बसली. हऱ्या नऊ वर्षांचा, चांद्या सात. आबांनी मागून सांगितलं, "अन् हे बी लिही, चांद्याचं डावं शिंग जरासं वाकडं हाये."

"सर, वाकड्याला इंग्रजीत काय म्हणायचं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं लिहिलं, कागदाची घडी घातली आणि पाकीट थुंकी लावून बंद केलं. दुरुस्त करायला ते पत्र तिनं मला दिलं नाही.