केंजीसानच्या ओहागीत वेलची

शेजारच्या साचिकोसानचा हात प्लास्टरमध्ये, आणि गेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे वर्षातून एकदा ठेवायची ओहागी आली माझ्या गळ्यात! मीच म्हटलं होतं म्हणा, "हात्तिच्या, त्यात काय, मी करते." माझं तोंड आधी धावतं.

ओहागी म्हणजे चिकट भाताचा लाडू, वरून गोड अझुकीचा जाड लेप. अझुकी म्हणजे त्यांची बारीक लाल चवळीच समजा. सप्टेंबरात, आपल्या पितृपक्षाच्या आसपास, जपानी लोक ती आपल्या गेलेल्या माणसांना दाखवतात. यंदाची अझुकी केंजीसानच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, जपानमधल्या गावाहून त्यांच्या नणंदेनं इकडे परदेशात, आमच्या हॉर्न्सबीला पाठवलेली. एकच पाकीट, आणि तेही शेवटचं, कारण नणंदेनं शेत विकलं. म्हणजे चुकायची सोयच नाही.

माझ्याच किचनमध्ये खुर्चीवर बसून त्या सांगत होत्या. अझुकी शिजली, साखर पडली, चिमूटभर मीठ. "आता घट्ट होईपर्यंत ढवळ," म्हणाल्या आणि फोटोची जागा पुसायला घरी गेल्या.

ढवळणं मला कोणी शिकवायला नको. उलथणं उभं राहिलं, शेगडी बंद केली, आणि हातानं सवयीनं डबा उघडून वेलची-जायफळ घातलं की! मला पत्ताही नाही. चाखलं असतं तर कळलं असतं. पण नैवेद्याचं आधी चाखायचं नाही, एवढं वळण आहे मला.

भाताच्या लाडवांवर लेप चढवला आणि ताट शेजारी नेलं. साचिकोसाननी वास घेतला.

"कौमुदीसान, यात काय आहे?"

मेले! दुसरी अझुकी कुठून आणू? अक्कल गहाण टाकली होती का मी! रडूच फुटलं.

त्यांनी बोटावर घेऊन चाखलं. "ही कोणाची चव?"

"आईची. पुरणात घालायची ती."

"आई कुठे असतात?"

"पुण्यात होती. कोविडमध्ये गेली. बॉर्डर बंद, मला जाता आलं नाही. तिचं पान भाऊ वाढतो. आमच्यात मुलगी नाही वाढत."

"फोटो आहे?"

फोनमध्ये होता. त्यांनी धडक्या हातानं केंजीसानना थोडं सरकवलं, शेजारी माझा फोन टेकवला. दोन ओहागी इकडे, दोन तिकडे. मग नवऱ्याला जपानीत काहीतरी दटावलं.

"काय म्हणालात?"

"पाहुण्या आल्यात. आज त्यांच्या पद्धतीचं आहे, मुकाट्यानं खा."

मी हात जोडले. म्हटलं, "आई, जेव गं. फार उशीर झाला."

फोनचा स्क्रीन सारखा विझत होता. मी बोट लावत राहिले, तिचं जेवण होईपर्यंत.