सेनापतीचा हात

सासऱ्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून मोबाइलवरच्या प्रतिक्रिया सून वाचून दाखवायची. चाळीस वर्षं नाटकांत भाला धरून मागे उभं राहिलेल्या माणसाला प्रथमच नाव घेण्याजोगं काम मिळालं होतं. मालिका डोंगराखाली झोपलेल्या राजाच्या जुन्या दंतकथेवरची, आणि ते त्याची तलवार शंभर वर्षं सांभाळणारे सेनापती. कालच्या भागात त्यांनी ती राजपुत्राच्या हाती दिली होती.

"'सेनापती छान' असं एकीने लिहिलंय," सून म्हणाली. मग तिचा अंगठा नुसताच सरकत राहिला.

"बाकीचे मुके आहेत का? वाच. मी काही लोण्याचा नाही."

तिने वाचलं. 'आजोबा, तलवार आहे, खुळखुळा नव्हे.' 'यांच्या हाती रंगाचा डबा द्या, आपोआप ढवळून निघेल.'

कंपवाताचं निदान होऊन आठ महिने झाले होते. ते वेळ साधून गोळी घेत, म्हणून बाहेर कुणाला पत्ता नव्हता. तलवारीच्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला नुसते दिवे लावण्यात चार तास गेले आणि गोळीचा असर उतरला.

दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला. आता नारळ मिळणार, असंच त्यांना वाटलं.

"काका, लोकांनी डोक्यावर घेतलंय तुम्हाला. पुढच्या भागात राजपुत्राचा पेला तुम्ही भरायचा. फक्त हात तसाच हलू दे."

"अहो, तो आजार आहे."

"असू दे की. सांगायचं कशाला कुणाला?"

"नाही म्हणा, बाबा," सून म्हणाली.

"चाळीस वर्षांत माझ्या भाल्याकडेही कुणी बघितलं नाही गं," ते म्हणाले.

चित्रीकरणाच्या सकाळी त्यांनी गोळी घेतली नाही. शर्टाची बटणं सुनेने लावली. पहिल्या वेळी अर्धी सुरई सांडली, सगळे हसले. दिग्दर्शकाने सात वेळा भरायला लावलं. पाचव्या वेळेपासून मानही हलू लागली, शब्द जिभेवर अडकले. शेवटी दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

तो भाग दाखवला गेला. 'आता मुद्दाम करतोय.' 'म्हातारा भाव खातोय.' आणि एक, हजारोंनी उचलून धरलेली: 'आजारी माणसांची टिंगल करताना लाज वाटत नाही?'

वाहिनीने सेनापतीला पडद्याआड मारून टाकलं आणि त्यांच्या नावाचं माफीपत्र सहीसाठी घरी धाडलं.

"मला खरंच आजार आहे, एवढं तरी लिहा," ते फोनवर दिग्दर्शकाला म्हणाले.

"आता उशीर झाला, काका. दया मिळवायला सोंग करतोय म्हणतील."

त्यांनी सही केली. कागद दाबून धरायला सून होती. अक्षरं मुंग्यांसारखी एका कोपऱ्यात गोळा झाली. माफीपत्र प्रसिद्ध होताच खाली कुणीतरी लिहिलं, 'सहीसुद्धा नाटकी.' सुनेने वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. काय लिहिलंय, ते त्यांनी विचारलं नाही.