चार वाजताची हजेरी

पूल वाहून गेल्यापासून जेरे बाईंची शाळा फोनवर भरत होती. चार वाजले की त्या व्हॉट्सॲपच्या गटावर गणित सांगत आणि मग एकेक नाव घेत. मुलांनी बोलून पाठवायचं: नाव आणि 'हजर'. गटात मुलं होती, काही पालक होते आणि शाळा समितीवर असल्यामुळे गावच्या मुखियाबाई नामालिलोही होत्या.

गेल्या वर्षी हजेरीतल्या दोन मुली अचानक गप्प झाल्या. नेटवर्क नसेल, असं सगळे म्हणाले. बाईही तेच म्हणाल्या. नेटवर्क चांगलं होतं. मुलींची लग्नं लागली होती.

वर्गातल्या अलिनाफेचा स्वतःचा फोन नव्हता, मामाचा, काचिंग्वेचा, होता. तिकडच्या रीतीनं आईच्या भावाकडे असतो तो तिचं लग्न ठरवण्याचा हक्कही त्याचाच. रोज अर्धा तास तो फोन द्यायचा आणि बदल्यात शर्ट धुऊन घ्यायचा.

त्या मंगळवारी गणित वयाचं होतं. उत्तर लांबलचक, म्हणून अलिनाफेनं माईक वर सरकवून ठेवला. तसा ठेवला की बोट काढलं तरी फोन ऐकत राहतो. तेवढ्यात अंगणात तीन पाहुणे आले आणि मामानं हाक मारली. फोन चटईवर पालथा ठेवून ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आमचा कोंबडा तुमच्या अंगणात एक कोंबडी बघून गेलाय," पाहुण्यांतला म्हातारा म्हणाला. बोलणी अशीच सुरू होतात. कोंबडा म्हणजे चाळिशीतला मासळीचा व्यापारी, घरी एक बायको असलेला. "कोंबडी वयात आलीय ना?"

"अठरा पूर्ण!" मामा म्हणाला. "आणि कामाला वाघ."

चुलीवर मक्याच्या पिठाचा न्सिमा ढवळणाऱ्या आईचा, नाबांदाचा, हात थांबला.

म्हातारा अलिनाफेकडे वळला. "काय गं पोरी, पसंत आहे ना?"

हा प्रश्न रीतीनं विचारावाच लागतो आणि मुलीनं रीतीनंच मान खाली घालून गप्प बसायचं असतं. गप्प बसली म्हणजे हो म्हणाली! बोलायचं नाही हे आपणच शिकवायचं आणि त्यालाच होकार म्हणायचं. किती सोयीची रीत!

अलिनाफेनं मान वर केली. "नाही."

"लाजतेय हो," मामा हसला.

"लाजत नाहीये मामा. मी पंधरा वर्षांची आहे. शाळेत जन्माचा दाखला तुम्हीच दिला होतात. मला हे लग्न नको. मला शिकायचंय."

"पंधराच," चुलीकडून नाबांदा म्हणाली. "मला नाही ठाऊक तर कुणाला? मी जन्म दिलाय."

"तू गप्प बस! या फोननंच पोरगी डोक्यावर बसलीय." मामानं चटईवरचा फोन उचलला. पडद्यावर काहीतरी चालू होतं. बंद करायला म्हणून त्यानं अंगठा दाबला, तो नेमका हिरव्या बाणावर. झालेलं सगळं बोलणं गटावर गेलं.

थोड्या वेळानं फोन टुणटुण वाजायला लागला. मामानं पहिला संदेश लावला. पुढचे आपोआप लागत गेले.

"मी मेमोरी, वय चौदा, हजर."

"मी फातसानी, वय सोळा. बाई, अलिनाफे खरं बोलतेय."

"मी एस्नाती, वय पंधरा. मलाही नको लग्न."

मग मुखियाबाईंचा जाड आवाज आला. "काचिंग्वे, कोंबडीचं ऐकलं, अठराचंही ऐकलं. पाहुण्यांना वाटेला लाव. आणि उद्या सकाळी तो दाखला घेऊन माझ्या अंगणात ये."

पाहुणे न जेवताच उठले. मामानं फोन खिशात घातला, तो पुन्हा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जेरे बाई अलिनाफेच्या नावापाशी थांबल्या. नेटवर्क नसेल, असं या वेळी कुणी म्हणालं नाही. मग मुखियाबाईंच्या फोनवरून तिचाच आवाज आला, "अलिनाफे, वय पंधरा, हजर."

त्यानंतर बाईंनी गेल्या वर्षी यादीतून खोडलेली दोन नावं घेतली. लुसी. तियामिके. कुणीच ओ दिली नाही.

"उद्याही घेणार," बाई म्हणाल्या, "आणि परवाही. त्या ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी ऐकून ठेवावं."