नलिनीकाकूंची तलंग

"कोंबडा आहे हा. लिहून ठेव," म्हणत नलिनीकाकूंनी दोन्ही पाय एका मुठीत धरून पक्षी उलटा केला आणि सुनेच्या तोंडासमोर नाचवला. "पाय बघ किती जाड. तुरा बघ, लालभडक. गटारीला हाच."

"आई, खाली सोडा ना तिला," गंधाली म्हणाली. "शेपटाजवळची पिसं गोल आहेत तिची. कोंबड्याची टोकदार असतात. मी मोबाइलवर बघितलंय."

मुलुंडच्या डोंगराला टेकलेल्या त्या बैठ्या चाळीच्या मागे नळावर चार बायका होत्या. मोबाइलचं नाव ऐकताच सगळ्यांचे कान टवकारले. कारण या चाळीत कोंबडा कोणता आणि तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, कोणती, हे नलिनीकाकूच सांगत. लोक आपापली पिल्लं टोपलीत घालून त्यांच्याकडे आणत. काकू पाय चाचपत, तुरा न्याहाळत आणि निकाल देत. नर असेल तर गटारीला किंवा गावच्या राखणदार देवाला, मादी असेल तर अंड्यांसाठी. मालवणाहून लग्न होऊन आल्यापासून काकूंचं ना सासूने ऐकलं, ना नवऱ्याने. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द आजवर कोणी खाली पडू दिला नव्हता. आणि आता ही बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोरगी त्यांना पिसं दाखवत होती.

"माका शिकवतंस?" रागावल्या की काकू मालवणीवर येत. "चार वर्सा झाली गो लग्नाक. अंडी घालण्यातला तुका काय कळता?"

नळ धो धो वाहत राहिला. कोणी हसलं नाही, एवढीच काय ती माणुसकी. गंधालीने सासूच्या मुठीतून पक्षी सोडवून घेतला, छातीशी सरळ धरला आणि आत गेली. काकूंचं बोलणं त्यांचं त्यांनाच लागलं होतं. पण चार बायकांदेखत बोललेलं मागे कसं घ्यायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी उगाचच हंडा घासायला घेतला.

खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं मुंगसाने आणि मांजरांनी नेली होती. उरली दोन. त्यातलं हे एक तर त्या कोंबडीनेच टोचून टोचून हाकललेलं. गंधालीने ते बुटाच्या खोक्यात, बल्बच्या उबेला जगवलं. आता ते दांडगं झालं होतं, कुत्र्याच्याही अंगावर जायचं. दुसरं बारकं, फिकट तुऱ्याचं, सारखं कोपऱ्यात दबलेलं. त्या बारक्याला काकूंनी तलंग ठरवलं होतं.

गंधालीने मोरीमागे एका फुटक्या बादलीत पेंढा घातला. अंडं कुठे घालायचं ते कळावं म्हणून त्यात अंड्याएवढा पांढरा, गुळगुळीत दगड ठेवला. तिची दांडगी रोज जाऊन तो दगड चोचीने सरकवायची.

"आईला कशाला नडतेस यार?" तिचा नवरा निलेश म्हणाला. तो अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि घरातल्या भांडणात त्याचं बटण कुठल्याच मजल्याला लागत नसे. "एक कोंबडा तो काय!"

"कोंबडी," गंधाली म्हणाली.

गटारीच्या रविवारी सकाळी ती सासूच्या आडवी आली. "आई, आठवडाभर थांबा. आरवला तर मी स्वतः कापून देते."

"गटारी काय तुझ्यासाठी थांबणार?" म्हणत काकू मागच्या दारी गेल्या.

त्यांना वाटलं होतं, पकडताना दमछाक होणार. पण पाठीवर हात टेकताच पक्षी पळाला नाही. पंख जरा फाकवून, मान खाली घालून तो जमिनीला चिकटून बसला. काकूंचा हात जागच्या जागी राहिला. अंड्यावर येऊ घातलेली तलंगच अशी बसते, कोंबडा कधी बसत नाही. त्यांनी शेपटाखाली बोटं नेली. हाडं फाकलेली होती, तीन बोटं सहज मावली. आज नाही तर उद्या पहिलं अंडं. तुरा लाल झाला होता तोही त्यामुळेच. एरवी हे त्यांनी दुरूनच ओळखलं असतं. चुकल्या त्या एवढ्याचसाठी, की सुनेने आधी बरोबर सांगितलं होतं.

"काय गो नलिनी, धरलंस काय?" शेजारची शुभा वाटणाचं भांडं घेऊन आली होती. तिच्यामागे गंधाली दारात उभी होती.

सोडून द्यायला नुसता हात उचलायचा होता. काकूंनी गंधालीकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, फक्त बघत होती, आणि तेच काकूंना सहन झालं नाही.

"धरलंय. कोंबोच आसा," त्या म्हणाल्या आणि सुरी मागितली.

पक्षी शेवटपर्यंत फडफडला नाही. साफ करणं सुनेचं काम. थोड्या वेळाने गंधाली ताट घेऊन बाहेर आली. ताटात पिवळ्या बलकांची माळ होती, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत, आणि सोबत एक पुरं अंडं, कवच अजून मऊ असलेलं.

"आई, याचं काय करू?"

शुभाने ताटात पाहिलं आणि मान खाली घातली. निलेश मोबाइलमध्ये शिरला.

"असतं कधी कधी कोंबड्याच्या पोटात," नलिनीकाकू म्हणाल्या. "रश्शात टाक."

"हो आई."

त्या दिवसापासून गंधाली सासूला कशालाच नाही म्हणाली नाही. जेवताना तिने माळेतले सगळे बलक काकूंच्या ताटात वाढले. एकही दुसऱ्याच्या वाट्याला गेला नाही. काकूंनी सगळ्यांसमोर ते एकेक करून खाल्ले. मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही.

श्रावण लागला. एका पहाटे मोरीमागून घसा फुटल्यासारखी बांग आली. मग दुसरी, चांगली लांब, साऱ्या चाळीला जागं करणारी. गंधाली चहा गाळत होती.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "तुमची तलंग आरवतेय."

काकूंनी कपबशी हातात घेतली. बशी वाजू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली.

"आरवू दे. काही तलंगा आरवतात. घालेल अंडं."

"हो. मग पेंढा बदलते मी."

आता गंधाली रोज पहाटे बादलीत ताजा पेंढा घालते. बाजूच्या भिंतीवर तो बारका, तुरा ताठ करून, मानेची पिसं फुलवून बांग देत असतो. नळावरच्या बायका आपापल्या हंड्यांत बघतात. नलिनीकाकू कंबरेवर हात ठेवून सावकाश वाकतात, बादलीत हात घालतात आणि पेंढा चाचपतात. आत पांढरा दगड असतो.

"मिळालं, आई?" गंधाली विचारते.

"उद्या," काकू म्हणतात, आणि दगड पदराला पुसून पुन्हा पेंढ्यात ठेवतात.